एका पेनीचा मसाला

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळात कुणी गुलाबजाम करून आणले की गुरुदत्त केंकरे आधी वाटी खिडकीकडे धरून पाक न्याहाळत. मग विचारत, "घरचे का?" करणारी "हो" म्हणाली की म्हणत, "अस्सं." या एका "अस्सं"पायी किती बायकांनी मंडळासाठी काही करायचं सोडून दिलं याची मोजदाद नाही. बिचाऱ्यांचे गुलाबजाम घरचेच असत. एकदोघींचे नसत, पण त्या कोण हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

केंकऱ्यांचा तरी काय दोष? चौऱ्याहत्तर साली मिशिगनला आल्यापासून अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात बसून प्रत्येक भागाकडे संशयाने बघायचं. मायक्रोमीटर लावायचा; मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल चिठ्ठी बांधायची. लाल चिठ्ठी म्हणजे रिजेक्ट. ती लागली की तो भाग दाराबाहेर पडत नसे, मग साक्षात मालक आडवा येवो. दोन हजार दोन साली निवृत्त झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं आणि लाल चिठ्ठ्यांचं एक अख्खं बंडल ते स्वतःच घेऊन आले. तेव्हापासून दीपावहिनींना शिळ्या ब्रेडवर, गळक्या नळावर, आणि एकदा तर लग्नाच्या आल्बममधल्या फोटोवर लाल चिठ्ठी सापडली. "तुझा हा भाऊ लग्नाला नव्हताच, मला पक्कं आठवतंय," असं यांचं म्हणणं. फोटोत भाऊ जिलबी खाताना स्वच्छ दिसत होता.

अशा माणसाकडे मंडळाने दिवाळी अंकाचं संपादन सोपवलं, आणि पहिल्याच वर्षी त्यांची फजिती झाली. विक्रम नावाच्या एका उत्साही गृहस्थाने 'हिमालयातले चाळीस दिवस' असा झकास लेख दिला. केंकऱ्यांनी शुद्धलेखन तपासलं, गृहस्थ तपासायचा राहिला. अंक वाटून झाल्यावर कळलं की ते चाळीस दिवस विक्रम पाय प्लास्टरमध्ये घालून तळघरात टीव्ही बघत पडला होता, आणि लेख कुठल्यातरी जुन्या मासिकातून उतरवला होता. मग काय! वर्षभर ज्या पार्टीला जावं तिथे कुणीतरी प्लेट हातात घेऊन विचारायचं, "काय काका, हिमालयात थंडी कितपत?"

म्हणून दोन हजार चारच्या अंकाला केंकरे दंड थोपटून बसले होते. विषय होता 'माझं गाव'. तेरा लेख आले. सात पुण्याचे, तीन नागपूरचे, दोन मुंबईचे. तेराव्याचं नाव होतं 'माझं गाव : ऑल्डरक्लफ'.

"हे कुठे आलं?" त्यांनी दीपावहिनींना विचारलं.

"इंग्लंडात असेल. शोभनाताईंचा ना? त्या लहानपणी होत्या म्हणे तिकडे."

"म्हणे," केंकरे म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

शोभनाताई दोन वर्षांपूर्वी, यजमान गेल्यावर, मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा प्रसन्न इथल्याच एका मोटार कंपनीत. शोभनाताईंचं वय सत्तावन्न, अंगाने किरकोळ, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. त्यांच्याबद्दल मंडळात फारसं कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे बरंच काही बोललं जात होतं. बोलण्याचं मुख्य केंद्र सुहासिनी. हिचा फोन यायला केंकऱ्यांना फार वाट बघावी लागली नाही.

"गुरुदत्तकाका, तुम्हाला म्हणून सांगते. परवा इंडियन ग्रोसरीत मी त्यांच्या मागेच उभी होते. तो काउंटरवरचा मिशीवाला नाही का, त्याने सुट्टे परत दिले, तर शोभनाकाकू त्याला काय म्हणाल्या सांगू? 'थँक यू, लव्ह.'"

"काय?"

"लव्ह! तोंडावर! तो मेला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागला."

केंकऱ्यांनी हे वहीत टिपून घेतलं.

मग लेख घेऊन बसले. संपादक म्हणून त्यांचा एक नियम होता: ज्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द आहे तो अंकात ठेवायचा नाही. त्यामुळे वाचताना हातातला तांबडा पेन आपोआप चालायचा. शोभनाताईंनी लिहिलं होतं, "वडील डॉक्टर. बावन्न साली त्यांना यॉर्कशायरमधल्या त्या कोळशाच्या खाणीच्या गावात काम मिळालं. मी पाच वर्षांची होते. पुढच्याच फेब्रुवारीत स्पाइसवरचं रेशन उठलं आणि शाळा सुटल्यावर आम्ही सगळी पोरं मिसेस हॅगच्या दुकानापुढे रांगेत उभी राहिलो. एका पेनीला मूठभर स्पाइस मिळायचं. ते तोंडात घोळवत आम्ही गल्लीच्या टोकाला अंधार पडेपर्यंत लेकिंग करायचो." शेवटी असंही होतं की सत्तावन्न सालच्या मे महिन्यात गावच्या मिरवणुकीत त्यांना मुकुट घालून राणी केलं होतं.

केंकऱ्यांनी स्पाइस खोडून मसाला केला. लेकिंगपाशी जरा थबकले. पण नोव्हायमध्ये दर दोन घरांआड एक तळं आणि प्रत्येक तळ्यात कुणाची तरी होडी, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही. तिथे त्यांनी 'नौकाविहार' लिहिलं. मग सुधारलेला मजकूर मोठ्याने वाचला.

"एका पेनीला मूठभर मसाला मिळायचा. तो तोंडात घोळवत आम्ही गल्लीच्या टोकाला अंधार पडेपर्यंत नौकाविहार करायचो."

स्वयंपाकघरातून दीपावहिनी म्हणाल्या, "कोण मसाला घोळवतंय तोंडात?"

"बघ ना! त्रेपन्न सालचं इंग्लंड. मिठापलीकडे चव न कळणारे लोक. ते मसाल्यासाठी रांगा लावतील? आणि पोरं तो कच्चा चावतील? मसाल्याचं म्हणे रेशन होतं!" त्यांनी ॲटलास काढला, भिंग काढलं. यॉर्कशायरमधल्या बार्न्सली शहराच्या आसपास बोटभर जागेत रेघ न् रेघ तपासली. तळं कुठेच नव्हतं. केंकऱ्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तकाकी आली. त्यांनी ड्रॉवर उघडून लाल चिठ्ठी काढली आणि लेखाच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधली.

तरी माणूस न्यायी. एकदम फेकून देणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. फाइल काखोटीला मारून ते शनिवारी सकाळी प्रसन्नच्या घरी गेले. कारखान्यातला त्यांचा एक पक्का दंडक होता: तपासणीला आलेल्याला आपण कुठलं माप बघतोय ते कळू द्यायचं नाही. म्हणून मसाल्याचं नाव न काढता त्यांनी लांबून सुरुवात केली.

"लेख छान आहे हां, शोभनाताई. सहज विचारतो, तिकडे तेव्हा जिरं वगैरे मिळायचं का हो?"

"जिरं?" शोभनाताई हसल्या. "छे हो! हळदसुद्धा बघायला मिळायची नाही. आई पुण्याहून पार्सल मागवायची. दोन महिन्यांनी यायचं, निम्मं सांडलेलं."

केंकऱ्यांनी वहीत लिहिलं: स्वतःच कबूल.

"आणि पोहायला, होडीत बसायला तलाव वगैरे?"

"तलाव कुठला? एक ओढा होता, खाणीच्या पाण्याचा. काळा कुळकुळीत. त्यात पाय घातला तर आई मारायची."

पुन्हा कबूल. केंकऱ्यांना इतकं सोपं गिऱ्हाईक अठ्ठावीस वर्षांत मिळालं नव्हतं.

"लेखासोबत एखादा फोटो मिळाला असता तर…"

"होते की. शाळेतला होता, मिरवणुकीतला होता. एकोणसाठला आम्ही परत आलो, नारायण पेठेत राहिलो. एकसष्टला पानशेतच्या पुरात सगळं गेलं."

"अस्सं," केंकरे म्हणाले. पुण्याच्या सात लेखांपैकी चौघांचे पुरावे पानशेतच्या पुरातच गेले होते. धरण फुटलं ते बहुधा फोटो बुडवायलाच, असा त्यांना दाट संशय होता.

एवढ्यात फाइलमधून खाली लोंबणारी लाल चिठ्ठी शोभनाताईंना दिसली. "ही कसली?"

आता खोटं बोलणं केंकऱ्यांच्या तत्त्वात बसेना. "काही गोष्टी… मापात बसत नाहीयेत. खात्री पटेपर्यंत छापता येणार नाही. मागच्या वर्षीचं तुम्हाला माहीत असेलच."

शोभनाताईंनी चिठ्ठीचा दोरा बोटाने सरळ केला. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "पस्तीस वर्षं सासरी हेच ऐकलं. मी ऑल्डरक्लफचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, 'आल्या महाराणी.' बढाया मारते म्हणून नणंदा खुणा करायच्या. शेवटी हे म्हणाले, कशाला सांगतेस, गप्प बस. बसले. माझ्या प्रसन्नलासुद्धा मी कधी धड सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंय. छापणार नसाल तर कागद परत द्या, गुरुदत्तराव. परत काही मी कुणाला सांगायला जायची नाही."

केंकरे घरी आले ते जरा मंद चालत. सोमवारनंतरच्या सोमवारी अंक छपाईला जायचा होता. म्हणजे हातात नऊ दिवस.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. दिवाळी अंकाच्या दुसऱ्या पानावर संपादकाच्या फोटोखाली छापलेलं असे, 'मूळ गाव : दादर, मुंबई'. दादर हे दीपावहिनींचं माहेर. केंकरे जन्मले कुडाळ तालुक्यातल्या गोठणवाडीत, जिथे त्यांच्या लहानपणी एसटीदेखील पाऊण कोस अलीकडेच थांबायची. पंच्याहत्तर साली इथल्या पहिल्या मराठी पिकनिकला कुणीतरी त्यांच्या "ह्यां काय नि त्यां काय"ची नक्कल केली. सगळे हसले, केंकरेही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दादरचे झाले. एकोणतीस वर्षं झाली. दीपावहिनींनी माहेर दिलं ते दिलं, कधी परत मागितलं नाही.

तर केंकरे कॉम्प्युटरपुढे बसले. ऑल्डरक्लफच्या लोकांनी गावाच्या इतिहासाची एक साधीशी वेबसाइट केली होती, तिला पाहुण्यांची वही जोडलेली. कुणाचा आजा खाणीत गेला, कुणाची शाळा पाडली, असल्या आठवणी तिथे लोक लिहून ठेवत. केंकऱ्यांनी शोभनाताईंचं माहेरचं नाव घालून कडक इंग्रजीत निरोप लिहिला: सन एकोणीसशे बावन्न ते एकोणसाठ या काळात शोभना पटकी नावाची भारतीय मुलगी तेथे होती काय, गावात लेकिंगसाठी तळे होते काय, मसाला विकला जात होता काय व त्यावर रेशन होते काय, कळवावे. खाली सही: जी. के. केंकरे, क्वालिटी मॅनेजर, निवृत्त.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. दीपावहिनी खांद्यावरून वाचायला लागल्या आणि पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "अहो, ही कोण बाई तुम्हाला लव्ह म्हणतेय?"

केंकऱ्यांचे कान लाल झाले. "तिकडची पद्धत असेल. तू बाजूला हो बघू."

शनिवारी त्यांनी त्या पत्राचा छापील कागद घेऊन प्रसन्नचं घर गाठलं. पाच वाजले होते. शोभनाताई दारातच म्हणाल्या, "टीला थांबाल ना?" कपभर चहाला कोण नाही म्हणतं? केंकरे बसले. समोर आली पोळ्या, भरली वांगी, वरणभात आणि काकडीची कोशिंबीर. "हे काय?" "टी," शोभनाताई म्हणाल्या. "पाच वाजता आम्ही हेच घ्यायचो. डिनर दुपारी बाराला." केंकऱ्यांनी वांग्याकडे पाहिलं. वहीत लिहावं की खावं हे त्यांना ठरवता येईना. खाल्लं.

मग हात धुऊन त्यांनी कागद उघडला. "ऑल्डरक्लफहून पत्र आलंय. डोरीन हेपवर्थ नावाच्या बाई आहेत."

शोभनाताईंच्या हातातलं पातेलं तिथेच टेबलावर आलं. "डोरीन? लाल केसांची?"

"केसांचं काही लिहिलेलं नाही." केंकरे एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "म्हणते, 'डॉक्टर पटकींना आम्ही डॉक्टर पॅट म्हणायचो. त्यांच्या शोभनाला शॉना. आम्ही एका बाकावर बसायचो. गावात तळं कधीच नव्हतं, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि आमच्याकडे लेकिंग म्हणजे खेळणं, एवढंही कसं माहीत नाही? स्पाइस म्हणजे गोळ्या. लेमनच्या, पेपरमिंटच्या, कसल्याही गोड गोळ्या. त्रेपन्न साली रेशन उठलं त्या दिवशी मला आणि शॉनाला दोघींनाही खाऊन खाऊन ओकाऱ्या झाल्या होत्या.'"

शोभनाताई हसत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. मग एकाएकी थांबल्या. "पण स्पाइसचं तुम्ही त्यांना कशाला विचारलंत?"

केंकऱ्यांनी फाइलमधला सुधारलेला लेख निमूट पुढे केला. शोभनाताईंनी वाचला. "मूठभर मसाला… नौकाविहार…" त्या खुर्चीत इतक्या हसल्या की वरून सून आसावरी पळत आली, "आई, काय झालं?" 

"काही नाही गं. गुरुदत्तरावांनी मला ओढ्यात बुडवलं."

शरमेवर पांघरूण घालावं म्हणून केंकरे घाईघाईने बोलायला गेले. "मला काय माहीत स्पाइस म्हणजे गोळ्या! म्हणजे आमच्या जत्रेतला खाजाच की गो!"

बोलून गेले आणि जीभ चावली. शोभनाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "दादरला जत्रा कुठे भरते हो?"

"भरायची… पूर्वी," केंकरे म्हणाले आणि पुन्हा कागदात शिरले. "एक भाग मात्र मापात बसत नाहीये, शोभनाताई. डोरीनबाई म्हणतात, 'सत्तावन्नच्या मिरवणुकीत राणी मी होते. शॉना माझ्या झग्याचा घोळ धरून मागे चालत होती. चौकात तिने त्यावर पाय दिला आणि मी बँडवाल्याच्या ढोलावर पालथी पडले.' तुम्ही तर लिहिलंय, राणी तुम्ही होतात."

केंकऱ्यांचं बोट लाल चिठ्ठीच्या गाठीवर होतं.

"खोटारडी!" शोभनाताई म्हणाल्या. इतका मोठा आवाज नोव्हायमध्ये त्यांनी पहिल्यांदाच काढला. "अजून तशीच आहे. पडली ना? नाक फुटलं, मग तिला घरी नेलं. राणीशिवाय मिरवणूक पुढे कशी जाणार? मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. दोन वाजल्यापासून ते मैदानात चहा होईपर्यंत मीच राणी होते. हे लिहायला हिला काय झालं?"

"पाय मुद्दाम दिला होतात का?"

शोभनाताईंनी कोशिंबिरीचं भांडं उचललं. "झगा फार लांब होता," त्या म्हणाल्या.

केंकऱ्यांनी मनातल्या मनात माप लावलं. ब्रेकचा भाग असो की आणखी काही, प्रत्येक मापाला थोडी सूट ठेवलेली असते, तिला टॉलरन्स म्हणतात. केसभर इकडे, केसभर तिकडे चालतं. अर्ध्या दिवसाची राणी ही केसापेक्षा जरा जास्त होती. पण सत्तेचाळीस वर्षं जुना माल म्हटल्यावर त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि दोरा कापला.

"लेख जाईल. मसाल्याचं स्पाइस करतो परत. आणि प्रुफं तुम्हीच तपासा, माझ्या हातात तांबडा पेन राहिला तर अजून कुणाला बुडवीन." मग उठताना म्हणाले, "बाईंनी फोन नंबर दिलाय. तिकडे आता रात्र आहे. उद्या सकाळी करा."

"तिला आत्ताच उठवते," शोभनाताई म्हणाल्या आणि खरंच फोनकडे गेल्या. केंकरे दाराबाहेर पडेपर्यंत आतून कानावर येत होतं, असं इंग्रजी जे त्यांनी तीस वर्षांत कुठे ऐकलं नव्हतं, आणि त्यात दर वाक्याला एक लव्ह.

सोमवारी प्रुफांची पाकिटं परत आली. शुद्धलेखन चोख. पण दुसऱ्या पानावर संपादकाच्या फोटोखाली 'मूळ गाव : दादर, मुंबई' या ओळीला दोऱ्याने बांधलेली एक लाल चिठ्ठी लोंबत होती, तीच शनिवारी कापलेली. तिच्यावर बारीक अक्षरात एकच शब्द होता: 'पुरावा?'

केंकरे चष्मा काढून बसले. दीपावहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून पाहिलं. "सांगा ना त्यांना, फोटो होते म्हणावं. पानशेतच्या पुरात गेले."

"चेष्टा करतेस?"

"नाही हो. पण माझं माहेर आता मला परत द्या. मलाही यंदा लेख लिहायचा होता, 'माझं गाव : दादर'. कसा लिहिणार? तुम्ही आधीच तिथे जाऊन बसलेले."

छपाईवाला पाच वाजता बंद करायचा. चार वाजता केंकऱ्यांनी पेन उचलला, दादर खोडलं आणि लिहिलं: गोठणवाडी, तालुका कुडाळ. मग शेवटच्या पानावर जाहिरात न मिळाल्यामुळे अर्धी जागा रिकामी होती, तिथे उभ्या उभ्या एक मजकूर लिहून टाकला. नाव 'खाजा'. त्यात जत्रेच्या खाज्याचं गूळ-आलं होतं, मशाली होत्या, आणि असंही होतं की त्यांच्या दहाव्या वर्षी दशावतारातला राणीचा नट तापाने आडवा झाला तेव्हा ऐनवेळी शालू नेसून राणीचं काम त्यांनी केलं, आणि गाव रडलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात अंक वाटले गेले. शोभनाताईंच्या लेखाभोवती बायकांचा घोळका पडला. आता सगळ्यांनाच त्यांच्या डोरीनचा फोन कधी येतो ते जाणून घ्यायचं होतं. सुहासिनी मात्र शेवटचं पान उघडून खुर्चीत बसली होती. तिने 'खाजा' वरपासून खालपर्यंत वाचला, केंकऱ्यांच्या टकलाकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"गुरुदत्तकाका, शालूतला एखादा फोटो असेल ना हो?"

"नाही बुवा. तेव्हा गावात कॅमेरा कुणाकडे होता?"

"अस्सं," सुहासिनी म्हणाली.